नेमणूक आणि निवारा

किल्ल्याच्या बुरुजांमुळे झाशीचे नाव देशभर झाले. परंतु त्या नगराच्या इतिहासातील एक प्रश्न शहरातल्या एका वाड्याशी निगडित आहे. राणीमहाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत आज वस्तुसंग्रहालय आहे. मनुष्याचे राहते घर कोणाच्या शब्दावर टिकते, हा तो प्रश्न होय.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावास दत्तक घेतले होते. लॉर्ड डलहौसीने राज्यापुरते ते दत्तविधान अमान्य केले आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांची तहहयात नेमणूक व शहरातील वाडा देऊ करण्यात आला. किल्ला मात्र सोडावा लागला. वरकरणी ही व्यवस्था उदार दिसते. परंतु पुढे पतीचे कर्ज याच नेमणुकीतून वळते करण्याचे ठरले व राणीची तक्रार फेटाळली गेली. राज्य कंपनीने घेतले, देणे मात्र विधवेच्या पदरी आले! बिठूरचे उदाहरण तर ताजेच होते. दुसऱ्या बाजीरावांची सालीना आठ लाखांची नेमणूक १८५१ साली त्यांच्याबरोबरच संपली होती. दामोदररावांचेही उत्तरायुष्य इंदुरास तुटपुंज्या वेतनावर गेले. १९०६ साली ते तेथेच वारले.

‘तहहयात’ या शब्दाचे खरे मोल यावरून कळते. देणारा रक्कम कापू शकतो, आणि घेणाऱ्याच्या मागे राहिलेल्यांना त्या शब्दाचा आधार नसतो.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस झाशीस लोहमार्ग आला, पाठोपाठ रेल्वेचा कारखाना निघाला आणि पगारदारांची नवी वस्ती वाढली. राजघराण्याचा प्रश्न आता सामान्यांच्या दारी आला. निवृत्तीनंतर ठरल्या मुदतीत सरकारी क्वार्टर सोडावे लागते. गाठीला पुरेसे पैसे नसतील, तर उतारवयात भाड्याची खोली शोधणे ओघानेच येते.

अशा भाडेकरूंच्या पाठीशी १९४७ पासून उत्तर प्रदेशात भाडेनियंत्रणाचा कायदा उभा राहिला. १९७२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कित्येक घरमालकही वृद्धच होते व गोठलेल्या भाड्यात त्यांचे भागेना, हेही खरे. २०२१ च्या कायद्याने लेखी करार आवश्यक केला आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली. त्याने व्यवहार स्वच्छ झाला. तथापि करार मुदतीचा असतो आणि वार्धक्य किती वर्षांचे, हे कोणी लिहून देत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमांची तरतूद आहे. पण भाडे नियमित भरणारा निवृत्त मनुष्य निराधार नव्हे. त्याला आश्रम नको असतो, आहे त्या घराची शाश्वती हवी असते.

झाशीचा इतिहास शौर्याबरोबर हेही शिकवतो: नेमणूक पोटाची सोय करते, पण निवारा हक्काचा नसेल तर वार्धक्य परक्याच्या मर्जीवर राहते.