एका नोटेचे दोन छापखाने : जर्मनी कसा दुभंगला?

१/१५
बर्लिनची भिंत १९६१ साली उभी राहिली, हे बहुतेकांना ठाऊक असते. जर्मनी मात्र त्याआधी तेरा वर्षे दुभंगला होता. जून १९४८ च्या एका आठवड्यात या एका देशात दोन चलने आली आणि चुली वेगळ्या झाल्या. हिटलरला हरवणारी मित्रराष्ट्रे अवघ्या तीन वर्षांत एकमेकांची प्रतिस्पर्धी कशी झाली, त्याचा हा वृत्तान्त. #धागा

२/१५
आरंभ १९४४ पासून करावा लागतो. जर्मनीत शिरणाऱ्या सर्व मित्रसैन्यांनी एकच ‘लष्करी मार्क’ वापरावा, असे ठरले. अमेरिकेने नोटांच्या छपाईच्या प्लेट्स तयार केल्या. सोव्हिएत संघाने स्वतःच्या छपाईसाठी त्यांची दुसरी प्रत मागितली. दोन ठिकाणी छपाई झाली तर हिशेब हाती राहणार नाही, असा इशारा अमेरिकी छपाई अधिकाऱ्यांनी दिला. तरीही मैत्री टिकावी म्हणून प्लेट्स मॉस्कोला गेल्या.

३/१५
इशारा खरा ठरला. सोव्हिएत सैनिकांचा थकलेला पगार याच नोटांत चुकता झाला. बर्लिनच्या काळ्या बाजारात ते अमेरिकी सैनिकांकडून घड्याळे आणि सिगारेटी घेऊ लागले. अमेरिकी सैनिकाला दहा मार्कांमागे एक डॉलर मिळे आणि तो घरी पाठवता येई. परिणामी अमेरिकी लष्कराने सुमारे २५ कोटी डॉलर जास्तीचे मोजले. १९४७ मध्ये सिनेटने याची चौकशी केली.

४/१५
परंतु हे केवळ लक्षण होते. मूळ प्रश्न युद्धभरपाईचा होता. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मृत्युमुखी पडले होते. पश्चिमेकडील प्रदेश बेचिराख झाला होता. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत त्याने एकूण २,००० कोटी डॉलरच्या भरपाईचा आकडा मांडला आणि त्यातील निम्मा वाटा मागितला. स्टालिनच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे उद्ध्वस्त घर पुन्हा उभारण्याचे साधन होते.

५/१५
वॉशिंग्टन आणि लंडनला मात्र पहिल्या महायुद्धानंतरचा अनुभव आठवत होता. तेव्हा जर्मनीने भरपाई दिली खरी, पण बरीचशी अमेरिकी कर्जाच्या आधाराने. जागतिक मंदीत ती सारी व्यवस्था कोसळली आणि त्या ढिगाऱ्यातून हिटलर वर आला. पुन्हा आपल्याच खिशातून जर्मनीची भरपाई फेडायची, ही कल्पना त्यांना असह्य होती. दोन्ही बाजूंची भीती अनुभवातून आलेली होती, पण ते अनुभव परस्परविरोधी होते.

६/१५
जुलै-ऑगस्ट १९४५ च्या पोट्सडॅम परिषदेत दोन गोष्टी एकाच करारात आल्या. जर्मनी हे एक आर्थिक एकक मानावे; आणि प्रत्येकाने आपापल्या विभागातून भरपाई घ्यावी. शिवाय शांतताकाळात अनावश्यक ठरणाऱ्या पश्चिमेकडील यंत्रसामग्रीपैकी २५ टक्के सोव्हिएत संघाला मिळणार होती : १५ टक्के धान्य-कोळशाच्या बदल्यात, १० टक्के विनामोबदला. देश एक आणि वसुली वेगवेगळी, ही विसंगती पुढे सर्वांना भोवली.

७/१५
पहिला अडसर मात्र मॉस्कोने घातला नाही. तो पॅरिसने घातला. १८७०, १९१४ आणि १९४० अशी तीन जर्मन आक्रमणे फ्रान्सच्या स्मरणात होती. पोट्सडॅमला त्याला बोलावणे नव्हते, पण चार राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळात निर्णय एकमतानेच होत. म्हणजे त्याच्या हाती नकाराधिकार होता. संपूर्ण जर्मनीसाठी मध्यवर्ती प्रशासकीय खाती स्थापण्याचा प्रस्ताव त्याने १९४५ च्या शरदात रोखून धरला.

८/१५
ब्रिटनच्या वाट्याला रूरचा औद्योगिक पट्टा आला : कारखाने मुबलक, धान्य तोकडे. ओडर-नाइसे नद्यांपलीकडची शेतजमीन पोलंडच्या प्रशासनाखाली गेली आणि तेथून लाखो निर्वासित पश्चिमेला आले. ब्रिटन स्वतः अमेरिकेच्या ३७५ कोटी डॉलरच्या कर्जावर उभा होता. युद्धकाळात कधीही रेशनवर न गेलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर गेला. विजेत्यांच्या घरी पावाचे कुपन, आणि पराभूतांसाठी डॉलर मोजून आणलेला गहू!

९/१५
पूर्वेकडे सोव्हिएत पथके कारखाने आणि रेल्वेचे दुसरे रूळसुद्धा उखडून नेत होती. १९४६ मध्ये अनेक मोठे उद्योग सोव्हिएत मालकीचे झाले. एप्रिल १९४६ मध्ये तेथील समाजवादी लोकशाही पक्ष कम्युनिस्ट पक्षात दबावाने विलीन करण्यात आला. भरपाईची निकड समजण्याजोगी होती. परंतु तिच्या जोडीने एकपक्षीय सत्ता रुजते आहे, हेही पश्चिमेला दिसत होते.

१०/१५
मे १९४६ मध्ये अमेरिकी लष्करी उपप्रशासक जनरल लुशियस क्ले यांनी आपल्या विभागातून यंत्रे पाठवणे थांबवले. आयात-निर्यातीचे सामाईक नियोजन नसताना एका दाराने अमेरिकी करदात्याचा पैसा आत यावा आणि दुसऱ्या दाराने यंत्रे बाहेर जावीत, हे त्यांना मान्य नव्हते. मॉस्कोने याला वचनभंग म्हटले. १ जानेवारी १९४७ पासून अमेरिकी व ब्रिटिश विभागांची अर्थव्यवस्था एक झाली.

११/१५
त्या हिवाळ्यात कालवे गोठले, कोळशाची वाहतूक खोळंबली. जगण्यापुरते आवश्यक ते श्रमाने वा याचनेने मिळत नसेल तर घेण्याची मुभा असावी, अशा आशयाचे प्रवचन कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी ३१ डिसेंबर १९४६ रोजी दिले. कोळसा उचलण्याला लोक ‘फ्रिंगसेन’ म्हणू लागले! मार्क उदंड, वस्तू दुर्मीळ. व्यवहार सिगारेटींत होत होते. चलन बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

१२/१५
येथे १९४४ च्या प्लेट्सचे भूत पुन्हा उभे राहिले. चौघांनी मिळून नवे चलन काढण्याची चर्चा छपाईच्या जागेवर अडली. काही नोटा लाइपझिगला, आपल्या विभागात छापाव्यात, असा सोव्हिएत आग्रह. बर्लिनमध्ये चौघांच्या देखरेखीखालीच छापाव्यात, असा अमेरिकी हट्ट. दरम्यान जून १९४७ मध्ये मार्शल योजना जाहीर झाली आणि मॉस्कोने ती नाकारली. २० मार्च १९४८ रोजी मार्शल सोकोलोव्स्की नियंत्रण मंडळाच्या बैठकीतून उठून गेले.

१३/१५
रविवार, २० जून १९४८. पश्चिम विभागांत प्रत्येकाला ४० नवे मार्क मिळाले. दुसऱ्या दिवशी दडवलेला माल दुकानांत प्रकटला; ज्यांच्याकडे केवळ बचत होती, त्यांची ती जवळजवळ बुडाली. पश्चिमेत बाद झालेल्या जुन्या नोटांचा लोंढा पूर्वेकडे येईल, ही सोव्हिएत चिंता निराधार नव्हती. घाईघाईने जुन्याच नोटांवर कागदी तिकिटे चिकटवून त्यांनी आपले चलन काढले.

१४/१५
बर्लिनमध्ये कोणते चलन चालणार? याच वादात २४ जून रोजी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे व जलमार्ग बंद झाले. २० लाखांहून अधिक लोकांना विमानांनी पीठ आणि कोळसा पुरवण्यात आला. एकूण सुमारे २३ लाख टन. तीन-चार वर्षांपूर्वी याच शहरावर बॉम्ब टाकणारी हवाई दले आता त्याला जगवत होती. नाकेबंदी १२ मे १९४९ ला उठली. २३ मे रोजी पश्चिम जर्मनीची राज्यघटना जाहीर झाली. ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचे राज्य अस्तित्वात आले.

१५/१५
दोष कोणाचा, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. भरपाईचा भार कोणावर पडला, हे मात्र स्पष्ट आहे. युद्ध साऱ्या जर्मनीने लादले होते, पण सोव्हिएत भरपाईचा बहुतांश बोजा पूर्वेच्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांनी वाहिला, तोही १९५३ च्या अखेरपर्यंत. मार्शल योजनेचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. १९९० मध्ये देश पुन्हा एक झाला, तेव्हाही क्रम तोच राहिला : १ जुलैला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला, आणि राजकीय एकीकरण त्यानंतर, ३ ऑक्टोबरला झाले.

(समाप्त)