ऑस्ट्रेलियाचे दार : विद्यार्थी, कामगार आणि रहिवासी



शिकायला म्हणून परदेशी गेलेला मुलगा तिकडेच कायमचा राहिला, ही बातमी आता आपल्याकडे कोणाला नवी राहिलेली नाही. तिची चर्चा दोन सुरांत होते. कोणी म्हणतो, पोराने नशीब काढले. कोणी म्हणतो, देशाची बुद्धी परक्याच्या घरी गेली. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. विद्यापीठाचे तोंड पाहिले ते सभेच्या निमित्ताने. म्हणून आमचा प्रश्न तिसराच आहे. विद्यार्थी म्हणून गेलेला माणूस कायमचा रहिवासी होईपर्यंतच्या मधल्या वर्षांत कोण असतो? आमच्या मते तो कामगार असतो, आणि बहुधा संघटनेबाहेरचा कामगार. हे ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावरून दाखवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि त्याच वर्षी तेथील संसदेने परदेशी माणसांस अटकाव करणारा कायदा केला. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. बंदरावर उतरणाऱ्या माणसास एखाद्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा मजकूर लिहून घ्यायला सांगायचे, एवढीच युक्ती होती. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवी. नको असलेला माणूस नापास होईल अशीच भाषा निघे. १९३४ साली प्राग येथील साम्यवादी लेखक एगॉन किश यांस अनेक युरोपीय भाषा येत, म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली. पुढे न्यायालयानेच ती उलटवली, हा भाग वेगळा.

या कायद्यामागे तेथील मजूर पक्ष आणि कामगार संघटना उभ्या होत्या, ही गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाने लपवू नये. स्वस्त मजूर आला की आपली मजुरी पडेल, ही त्यांची भीती. भीती पोटाची होती, हे आम्ही समजू शकतो. पण तिचा इलाज त्यांनी चुकीचा शोधला. मजुरी पाडतो तो मालक, आणि त्यांनी अडवले आशियातील मजुराला. मजूर पक्षाने आपल्या कार्यक्रमातून हे गोरेपणाचे धोरण काढले ते १९६५ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी.

दाराला पहिली फट पडली ती विद्यार्थ्यांमुळे. १९५० च्या जानेवारीत कोलंबो येथे राष्ट्रकुलातील परराष्ट्रमंत्री जमले आणि तेथून कोलंबो योजना निघाली. तिच्या आधाराने आशियातील तरुण ऑस्ट्रेलियात शिकू लागले. अट अशी की, शिक्षण संपले की मायदेशी परत जायचे. तथापि शेजारच्या खोलीत राहणारा, एकाच बाकावर बसणारा मनुष्य पाहिल्यावर जुनी भीती थोडी तरी विरळ होतेच. शब्दांची ती परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली. १९६६ साली मंत्री ह्यूबर्ट ऑपरमन यांनी शिकलेल्या व कसबी बिगर-युरोपीय लोकांना वाट मोकळी केली आणि नागरिकत्वासाठी पंधरा वर्षे थांबण्याची अट पाचावर आणली. १९७३ साली व्हिटलम सरकारने निवडीतून वंशाचा निकष काढून टाकला. १९७९ पासून गुण देऊन माणूस निवडण्याची पद्धत सुरू झाली.

येथपर्यंत विद्यार्थी हा पाहुणा होता. १९८५ नंतर तो गिऱ्हाईक झाला. विद्यापीठांना पूर्ण फी घेऊन परदेशी विद्यार्थी भरती करण्याची मुभा मिळाली, आणि सरकारी पैशाची उणीव या फीतून भरून निघू लागली. १९९९ च्या सुमारास स्थानिक पदवीला जादा गुण मिळू लागले, आणि २००१ पासून शिक्षण संपवलेल्या विद्यार्थ्याला देशाबाहेर न जाता कायम वास्तव्याचा अर्ज करता येऊ लागला. म्हणजे फी आणि रहिवास यांची गाठ पडली. तुटवड्याच्या धंद्यांच्या यादीत स्वयंपाकी आणि केशकर्तनकारही होते. ती यादी पाहून खाजगी कॉलेजे उगवली, आणि कढईशी कधी संबंध न आलेली मुले आचाऱ्याचे शिक्षण घेऊ लागली. त्यांना भरती करणारा दलाल आम्हाला ओळखीचा वाटतो. मुंबईच्या गिरणीत जॉबर होता. त्याचा हात ओला केल्याशिवाय साच्यावर उभे राहता येत नसे.

या विद्यार्थ्यांतील कितीतरी रात्री टॅक्सी चालवीत. २००८ च्या एप्रिलमध्ये मेलबर्न येथे अशाच एका भारतीय विद्यार्थी-चालकास भोसकले गेले. त्यावर शेकडो चालक शहराच्या ऐन मध्यावर, फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात, अंगातले सदरे काढून बसले. रात्र त्यांनी तेथेच काढली. चालकाभोवती संरक्षक पडदा आणि रात्री भाडे आधी घेण्याची सोय, या मागण्या राज्य सरकारला मान्य कराव्या लागल्या. परक्या शहरात, तात्पुरत्या परवान्यावर असलेल्या मुलांनी केलेला हा लढा आमच्या मते कामगार इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. पुढल्या वर्षी हल्ल्यांविरुद्ध त्याच भागात भारतीय विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला.

मग ८ फेब्रुवारी २०१० रोजी सरकारने तुटवड्याची ती यादीच रद्द केली. यादी पाहून ज्यांनी घर गहाण टाकून फी भरली होती, त्यांच्या पायाखालची फळी निघाली. पुढे २०११ पासून २०२४ च्या मार्चपर्यंत विद्यार्थ्याने आपण खरोखर तात्पुरतेच आलो आहोत, असे पटवून द्यायचे होते; आणि त्याच काळात तेथल्या पदवीला रहिवासासाठी गुणही चालू होते. एका खिडकीत 'परत जाईन' म्हणायचे आणि दुसऱ्या खिडकीत राहण्याचे गुण मोजायचे!

आजच्या गुणपत्रिकेत किमान ६५ गुण लागतात. पण तेवढे भरले म्हणजे बोलावणे येतेच, असे नाही. पंचवीस ते बत्तीस वयाला ३० गुण, तेहतीसाव्या वर्षी ते २५ होतात. उत्तम इंग्रजीला २०, पदवीला १५. आणि ऐकून नवल वाटेल, भाषांतराची एक ठराविक परीक्षा दिली तर आपल्या मराठीलाही ५ गुण आहेत! ज्या देशाने भाषेच्या परीक्षेने दार लावले, त्याच देशात मायबोली दाराची कडी काढायला थोडा हात लावते.

परंतु गुण जमेपर्यंत पोट भरायचे असते. आमच्या गिरण्यांत बदली कामगार असे. तो रोज सकाळी दरवाजाशी उभा राही, काम मिळाले तर त्या दिवशीचा कामगार, नाही तर कोणीच नाही. परवान्यावरचा विद्यार्थी हा असाच बदली आहे. अनेक वर्षे त्याला सत्र चालू असता आठवड्याला वीस तासच काम करण्याची मुभा होती. १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांची आहे. किमान वेतनाचा कायदा त्यालाही लागू होता. तरी २०१५ साली एका मोठ्या दुकान-साखळीतला प्रकार उघड झाला. मुलाकडून चाळीस तास काम घ्यायचे आणि पगार वीस तासांचा द्यायचा. तक्रार केलीस तर तास जास्त भरल्याबद्दल तुलाच देशाबाहेर काढतील, असे बजवायचे. मर्यादा घातली होती अभ्यासाच्या रक्षणासाठी. मालकाने तिचा चाबूक केला. अशा प्रकारे परवान्याचा धाक दाखवणे हा १ जुलै २०२४ पासून तेथे फौजदारी गुन्हा ठरला आहे. तो चाबूक मालकाच्या हातात असतो हे कायद्यानेच मान्य केले, असा याचा अर्थ.

या सव्वाशे वर्षांतून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली पालकांसाठी. हे दार सरकार, विद्यापीठ आणि मालक यांच्या गरजेप्रमाणे उघडते व मिटते. आजच्या यादीवर दहा वर्षांचे कर्ज काढू नये. मुलगा खऱ्या विद्येसाठी जात असेल तर यादी बदलली तरी विद्या उरते. दुसरी कामगार संघटनांसाठी, तिकडच्या आणि इकडच्याही. १९०१ साली परक्या मजुराला बाहेर ठेवून मजुरी राखू पाहणाऱ्यांच्या देशात, आत आलेल्या मजुराला एकटे ठेवल्याने ती पडली. मजुरी राखायची तर त्याला सभासद करून घेणे हाच मार्ग आहे. आपल्याकडेही बांधकामावर आणि हॉटेलांत बिहार, ओरिसाकडची मुले राबतात. त्यांना 'बाहेरचे' म्हणण्यापूर्वी, आपलाही कोणी मेलबर्नच्या एखाद्या दुकानात रात्रपाळीला उभा आहे, एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.