पाटीवरचे नाव

२ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. मुकुटबनसारख्या, यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या गावात अशा निर्णयांची चर्चा चहाच्या टपरीवर होते. तशी ती झाली. सवर्ण मित्र म्हणाले, 'चला, जात संपली!' आमची पोरेही खूष होती. मी मात्र वर्तमानपत्रातली नावे वाचता वाचता एका शब्दापाशी अडलो. उदाहरणादाखल दिलेल्या नावांत महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली यांच्या रांगेत 'बौद्धवाडा' हेही नाव होते.

महारवाडा हे नाव आम्ही ठेवले नव्हते. ते गावाने ठेवले. आमच्यावरून गेलेला वारा गावावर येऊ नये अशा बेताने वस्तीची जागा ठरली, आणि मेलेले ढोर कोणी ओढायचे हे त्या नावातच लिहिलेले होते. ते नाव पुसले जावे ही मागणी आमचीच, जुनी. तिच्याबद्दल वाद नाही.

पण बौद्धवाडा कोणी ठेवला? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. चांदा आम्हाला नागपूरपेक्षा जवळचे. माझे आजोबा तेथून परतले आणि घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले. त्यानंतर वस्तीने स्वतःचे नाव स्वतः बदलले. त्याला शासननिर्णय लागला नाही, पाटीही लागली नाही. लोक पत्रांवर नवे नाव लिहू लागले, लग्नपत्रिकांवर छापू लागले, एवढेच. लादलेले नाव आणि मिळवलेले नाव एकाच रांगेत बसवणाऱ्याला या देशाचा इतिहास ठाऊक नाही, किंवा नको आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावाने आमचा नवा शब्द उचलला, पण त्यातला अर्थ बाहेरच ठेवला. 'तो बौद्धवाड्यातला' हे वाक्य मी ज्या सुरात ऐकले आहे, तो सूर आजोबांच्या वेळचाच होता. त्या अर्थाने सरकारी कारकुनाची फारशी चूक नाही. समाजाने जे केले, ते त्याने टिपून घेतले.

परंतु सरकारचे स्वतःचे दप्तर काय सांगते? धर्मांतरानंतर केंद्राने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना नाकारल्या, कारण बौद्ध हा धर्म, जात नव्हे! १९९० मध्ये कायदा दुरुस्त होईपर्यंत चौतीस वर्षे हेच चालले. माझ्या वडिलांच्या भिंतीवर बुद्ध होता आणि दाखल्यावर जुनी जात. वाटा द्यायचा तेव्हा जो शब्द धर्म होता, तो पाटी पुसायच्या वेळी जातिवाचक कसा झाला? (केंद्र वेगळे, राज्य वेगळे, आणि राज्याने आपल्या सवलती आधीच दिल्या होत्या, हे मला माहीत आहे. भोगणारा माणूस मात्र एकच होता.)

नावाची किंमत पैनगंगेपलीकडच्या मराठवाड्याला विचारावी. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही जुने नाव शेपटीला ठेवून. एका नावासाठी आम्ही एवढे मोजले. दुसरे एका बैठकीत, आम्हाला न विचारता, वजा झाले.

सरकारने सुचवलेल्या नव्या नावांत समतानगर होते, भीमनगरही होते. आमच्या वस्तीत बैठक बसली. पोरांचा एकमुखी कौल भीमनगराला. ठरावाचा कागद पुढे आला तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबासायबानं देल्लं नाव त्यायच्याच नावानं पुसता काय रे?"

कोणी उत्तर दिले नाही. त्या रात्री ठराव लिहिला गेला नाही.