लोखंडात शिरणारा वायू : जालन्याच्या भट्टीपासून १९११च्या रेल्वे अपघातापर्यंत

१/ जालना पोलादनगरी म्हणून ओळखले जाते. येथील इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट होतात आणि बिलेटांपासून सळया. भंगार गंजलेले वा ओले असेल, तर त्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वितळलेल्या पोलादात विरघळतो. या अदृश्य वायूची ओळख पटण्याचा इतिहास मोठा आहे.

२/ १८६६ साली थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो. घन धातूतही वायू शिरतो, हे त्यातून सिद्ध झाले.

३/ १८७५ साली विल्यम जॉन्सन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लोखंडी तारेचे प्रयोग मांडले. आम्लात काही मिनिटे बुडवलेली तार ठिसूळ होई. मोडलेला भाग ओला केला की बुडबुडे येत. तार काही काळ ठेवली की तिचा चिवटपणा परत येई, कारण वायू निघून गेलेला असे.

४/ जाड पोलादाची गोष्ट मात्र निराळी होती. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे रूळ तुटून गाडी घसरली आणि सुमारे ३० जण दगावले. रुळाच्या पोटात, बाहेरून न दिसणारी आडवी भेग होती. रेल्वे कंपन्यांनी पोलाद कारखान्यांना दोष दिला, तर कारखान्यांनी गाड्यांच्या वाढत्या भाराला.

५/ वितळलेल्या पोलादात जितका हायड्रोजन मावतो, तितका घट्ट पोलादात मावत नाही. बारीक तारेतून तो लवकर निसटतो. जाड रूळ झपाट्याने निवला, तर तो आतच अडकतो आणि सूक्ष्म भेगा पाडतो. पुढे चाकांच्या भाराखाली त्या वाढत जातात.

६/ १९३०च्या दशकात उपाय सापडला : तप्त रूळ बंद पेट्यांत सावकाश निववायचे, म्हणजे वायूला बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

७/ बांधकामाची सळई रुळाहून बारीक असल्याने तिला हा धोका कमी. परंतु पोलाद जितके अधिक ताकदीचे, तितके ते हायड्रोजनपुढे हळवे. म्हणून अतिमजबूत बोल्ट आणि ताणलेल्या तारा यांबाबत आजही दक्षता घ्यावी लागते.

८/ जॉन्सनच्या तारेपासून रुळांवरील उपायापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. निरीक्षण नोंदले जाणे आणि त्याचा अर्थ कारखान्यापर्यंत पोहोचणे, यांतील अंतराची किंमत प्रवाशांनी मोजली.