रोमटामेळाची गाडी : तळटीप

१. रोमटामेळाची गाडी : शिगम्याच्या रोमटामेळ मिरवणुकांसाठी तुये, पेडणे, डिचोलीकडची मुलं ढोल-ताशे गाडीत भरून पणजी-म्हापशाला जातात आणि रात्री उशिरा परततात. धोका आहे तो या परतीच्या वाटेवर. नाचून-वाजवून दमलेली मुलं झोपतात, चालकाला मात्र जागावंच लागतं. आयोजकांनी बिदागीआधी मुक्कामाची सोय बघावी, असं मी ठामपणे म्हणेन. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या बाजीप्रभू वादक गटाची बस पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून मुंबईला येताना बोरघाटात, शिंगरोबा मंदिराजवळ दरीत कोसळली. १३ जण गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. (संपा.)