फुकट दिलेल्या मालाची मोजदाद

दुकानात माल विकला की वहीत नोंद होते आणि पुढच्या वर्षीचा धंदा ती वहीच सांगते. कोणता माल उठला, कोणता पडून राहिला, कोणते गिऱ्हाईक परत आले. दिवाळीत व्यापारी वहीची पूजा करतो ती काही उगाच नाही. आता असा एक दुकानदार डोळ्यांसमोर आणा, ज्याने माल ओट्यावर मांडून वर लेखी दिले आहे की हवा त्याने न्यावा, नकला काढाव्यात, शेजाऱ्याला द्याव्यात, मला कळवायची गरज नाही. याच दुकानदाराला धंदाही वाढवायचा आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर जगणाऱ्या कंपन्यांची गेली तीसेक वर्षे हीच अडचण आहे. या अडचणीचा इतिहास मला त्या सॉफ्टवेअरच्या तांत्रिक इतिहासाहून अधिक बोलका वाटतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली 'जीपीएल' हा परवाना लिहिला तेव्हा वापरणाऱ्याला कोणाची परवानगी मागावी लागू नये, हा त्यामागचा मूळ विचार होता. परवानगी नाही म्हणजे नोंद नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळत असे. माझ्याकडची सीडी निदान सात-आठ घरे फिरून आली आणि शेवटी ओरखडे पडून निकामी झाली. त्या सात-आठ घरांचा पत्ता जगात कोणाच्याही वहीत नव्हता.

मग मोजायचे कसे? पहिला प्रयत्न अगदी भाबडा होता. हॅराल्ड आल्वेस्ट्रँड या नॉर्वेजियन गृहस्थांनी १९९३ मध्ये 'लिनक्स काउंटर' सुरू केला. लिनक्स वापरणाऱ्याने आपणहून नाव नोंदवायचे आणि एक क्रमांक घ्यायचा. लोक तो क्रमांक ई-मेलमध्ये सहीखाली मिरवत. उत्साही माणसे नोंदवत, कामात बुडालेली नोंदवत नसत. त्यामुळे ही मोजणी वापराची कमी आणि अभिमानाची जास्त होती.

खरी कलाटणी इंग्लंडमधल्या बाथ या गावातून मिळाली. तिथल्या नेटक्राफ्ट या कंपनीने ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या संकेतस्थळांची पहिली शिरगणती केली. युक्ती साधी होती. संकेतस्थळाचे पान मागितले की पलीकडचा सर्व्हर उत्तराच्या सुरुवातीला बहुधा आपले नाव आणि आवृत्ती सांगतो. नेटक्राफ्टने एकामागून एक दार ठोठावले आणि मिळालेली नावे लिहून घेतली. त्या महिन्यात एकूण १८,९५७ स्थळे सापडली. अमेरिकेतल्या एनसीएसए या सरकारी अनुदानावरच्या केंद्राचा सर्व्हर निम्म्याहून अधिक ठिकाणी होता. अपाचे हे काही महिन्यांचे पोर साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते. एप्रिल १९९६ मध्ये तेच पोर पहिल्या क्रमांकावर गेले.

अपाचे लिहिणाऱ्यांची तेव्हा कंपनी नव्हती, विक्री नव्हती, जाहिरात तर नव्हतीच. परगावच्या कोणीतरी केलेली यादी हीच त्यांची पत. जून १९९८ मध्ये आयबीएमने आपल्या वेबस्फिअर या मालासोबत अपाचे देण्याचे ठरवले, तेव्हा नेटक्राफ्टच्या यादीत अपाचेचा वाटा निम्म्याच्या घरात होता आणि आयबीएमचा स्वतःचा सर्व्हर जवळजवळ दिसतच नव्हता. आयबीएमसारखी कंपनी एका विस्कळीत मंडळीशी बोलणी करायला बसली, यामागे अपाचेचा दर्जा होताच. पण दर्जा हिशेबनिसाला दाखवता येत नाही, आकडा दाखवता येतो.

आकड्यांवर फार विसंबू नये हेही त्याच यादीने शिकवले. नेटक्राफ्ट स्थळे मोजत होती, यंत्रे नव्हेत. एप्रिल २००६ मध्ये गोडॅडी या कंपनीने नुसतीच राखून ठेवलेली लक्षावधी नावे अपाचेवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर हलवली आणि एका महिन्यात अपाचेचा वाटा दाणकन खाली आला. एका कंपनीने आपली रिकामी घरे दुसऱ्या रंगात रंगवली होती, इतकेच.

डेबियनच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. त्यांचा प्रश्नही व्यवहारी होता: पहिल्या सीडीवर जागा थोडी, तर हजारो प्रोग्रॅमपैकी कोणते घालावेत? त्यासाठी 'पॉप्युलॅरिटी काँटेस्ट' नावाचा छोटा प्रोग्रॅम आला. तो नुसते काय बसवले आहे ते बघत नाही; त्या प्रोग्रॅमची फाइल अलीकडे कधी उघडली गेली तेही बघतो. म्हणजे कपाटात पडलेले भांडे आणि रोज चुलीवर चढणारे भांडे यांत तो फरक करतो. मुख्य म्हणजे तो आधी विचारतो, आणि काही न बदलता पुढे गेलात तर उत्तर 'नाही' असेच धरतो. हजारो लोक तरीही 'हो' म्हणतात.

डेबियनला नफा मिळवायचा नव्हता, म्हणून हे सोपे होते असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. नफा मिळवणाऱ्यांची गोष्ट निराळी. स्वीडनच्या मायएसक्यूएल कंपनीचे प्रमुख मॉर्टेन मिकोस सांगत की त्यांचा डेटाबेस वापरणाऱ्या हजारांमागे एखादाच पैसे देतो. तरी जानेवारी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली. पैसे न देणाऱ्या ९९९ जणांचीही किंमत त्या व्यवहारात धरली गेली होती. रेड हॅटने प्रश्न मुळातूनच बदलला: प्रोग्रॅम कोणीही न्यावा, पण दुरुस्त्या आणि हमी हवी असेल तर वर्षाची वर्गणी भरून यंत्र नोंदवावे. २००३ पासून हीच त्यांची वही झाली. ही मोजणी दारात होते, आणि दारात नाव सांगणाऱ्याला आपण नाव सांगत आहोत हे ठाऊक असते.

या संदर्भात डॉकरची कहाणी सर्वांत शिकवणारी आहे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका डब्यात भरून कुठेही चालवायचे, ही डॉकरची करामत २०१३ मध्ये लोकांपुढे आली आणि जगभर पसरली. मात्र मोठ्या उद्योगांना माल विकण्याचा कंपनीचा धंदा काही बसला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो भाग मिरँटिस या कंपनीला विकावा लागला. उरले काय, तर डबे साठवण्याचे अवाढव्य कोठार आणि कोठाराच्या दारावरची नोंद. ती नोंद उलगडली तेव्हा कळले की एकूण उचलीतली सुमारे ३० टक्के उचल निनावी वापरणाऱ्यांपैकी अवघा एक टक्का करतो. ती माणसे नव्हतीच बहुधा. रात्रंदिवस आपोआप चालणारी कंपन्यांची यंत्रे होती. नोव्हेंबर २०२० पासून निनावी उचलीवर सहा तासांत १०० अशी मर्यादा आली, मोफत खाते काढणाऱ्याला २००. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉप या भागाला मोठ्या कंपन्यांसाठी पैसे लावले: २५० हून अधिक नोकर किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उलाढाल असेल तर. डब्यांचे मूळ इंजिन मुक्तच राहिले. कुरकूर खूप झाली, पण विद्यार्थी आणि छोटे दुकान यांना झळ लागली नाही, आणि डॉकर उभी राहिली. वापराच्या नोंदीतून गिऱ्हाईक निवडणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

हीच मोजणी घरात शिरून करू पाहणाऱ्यांचे हाल झाले. गिटलॅबने ऑक्टोबर २०१९ मध्ये वापरणाऱ्यांच्या हालचाली बाहेरच्या कंपन्यांच्या साधनांनी टिपण्याचे जाहीर केले. स्वतःच्या यंत्रावर गिटलॅब चालवणाऱ्यांनाही नव्या अटी मान्य केल्याशिवाय आत जाता येणार नव्हते. काही दिवसांतच निर्णय मागे घेऊन माफी मागावी लागली. मे २०२१ मध्ये ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमच्या नव्या मालकांनी गूगल आणि यांडेक्सच्या साधनांनी माहिती गोळा करायचा प्रस्ताव आणला. तोही गुंडाळावा लागला.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मोजणी ही वाईटच आणि अनामिक राहणे हेच शहाणपण. मीही पूर्वी तसेच मानत असे. मत बदलले ते एप्रिल २०१४ मध्ये. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रॅममध्ये 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड सापडले. नेटक्राफ्टनेच पुन्हा दारे ठोठावून सांगितले की कुलूपबंद स्थळांपैकी १७.५ टक्के, म्हणजे सुमारे पाच लाख, धोक्यात आहेत. बँका त्यावर, दुकाने त्यावर, सरकारी कचेऱ्या त्यावर. आणि हा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मूठभर लोकांना मिळणाऱ्या देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर होत्या. कोण कोण आपल्यावर विसंबून आहे याची वही त्यांच्याकडे नव्हती, म्हणून कोणाच्या दारी जाऊन पैसे मागायचे हेही ठाऊक नव्हते. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला. तोवर कोट्यवधींचा धंदा त्या चार-दोन माणसांच्या फावल्या वेळेवर चालला होता.

म्हणून अलीकडच्या दोन नोंदी मला महत्त्वाच्या वाटतात. फेडोरा लिनक्सने २०२० मध्ये, ३२ व्या आवृत्तीपासून, इंटरनेट पत्त्यांवरून अंदाज बांधण्याऐवजी नवी पद्धत आणली. यंत्र आठवड्यातून एकदा, दुरुस्त्यांची यादी मागताना, 'मी आहे' एवढेच सांगते आणि जोडीला आपले वय चार ढोबळ गटांत: पहिला आठवडा, पहिला महिना, सहा महिन्यांच्या आत, त्यापुढे. ओळख पटेल असा क्रमांक नाही. हे न विचारताच सुरू असते, तरी मोठा गदारोळ झाला नाही. दुसरी नोंद गूगलच्या गो या भाषेची. फेब्रुवारी २०२३ मध्ये रस कॉक्स यांनी वापराची माहिती गोळा करण्याचा आराखडा मांडला. त्यात नको असेल त्याने बंद करायचे, असे होते. टीका झाली, त्यांनी ती ऐकली आणि हवे असेल त्यानेच सुरू करायचे असा बदल केला.

जाता जाता घरचे एक. रेड हॅटच्या पुणे कचेरीतल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळलेला 'लोहित देवनागरी' हा टंक लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या पुष्कळांच्या डोळ्यांखालून गेला आहे. टंक आपला वापर कोणाला कळवत नाही. गेल्या महिन्यात जुन्या लॅपटॉपवर डेबियन बसवताना तो प्रश्न पुन्हा समोर आला, उत्तर आधीच 'नाही' वर ठेवलेले. आपल्याकडच्या यादीत तो टंकही जाईल, एवढ्या एका विचाराने मी या वेळी 'हो' केले.