दारातला दिवा

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी भाच्याने आपली मोटार आमच्या अंगणात आणून उभी केली. चारही दारांच्या आतली आवरणे, मेकॅनिक मंडळी ज्यांना पॅड म्हणतात ती, त्याने काढून ओसरीवर ओळीने मांडली आणि मला हाक मारली, "मामू, जरा टॉर्च धरा ना." बाजारातून त्याने एलईडी दिव्यांची एक पट्टी आणली होती. रात्री दार उघडले की आतून निळसर उजेड पसरला पाहिजे, अशी त्याची हौस. मी तीन तास टॉर्च धरून उभा होतो. दिवा बसवण्यासाठी दिवा धरणे हे तसे बिनडोक काम. डोके रिकामे असले की ते मागे मागे जाते. माझे गेले ते थेट आजोबांच्या टांग्यापर्यंत.

आजोबा मिरजेत टांगा हाकीत. टांग्याच्या बाजूला पितळेचा दिवा असे. पुढे साधी काच आणि मागे रुपयाएवढी लाल काच. घासलेटच्या त्या दिव्याने रस्ता दिसत नसे. रस्ता घोड्याला पाठ होता. तो दिवा आजोबांना दिसावे म्हणून नव्हताच; आजोबा इतरांना दिसावेत म्हणून होता. अंधार पडल्यावर बिनदिव्याचा टांगा किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस दंड करीत, त्याचेही कारण हेच. वाहनावरचा दिवा पहिल्यांदा आला तो असा, समोरच्याला सावध करण्यासाठी.

मोटारी आल्या आणि वेग वाढला, तेव्हा रस्ता दिसणेही गरजेचे झाले. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडे, त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघे आणि तो जळून पांढराशुभ्र उजेड देई. आपल्याकडे जत्रांतल्या दुकानांवरही हे दिवे असत. त्यांचा तो उग्र वास जुन्या माणसांना आठवत असेल. मोटार थांबवायची, खाली उतरायचे, काच उघडून काडी लावायची, असा सगळा खटाटोप. तो संपवला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत त्यांनी विजेचा स्टार्टर, ठिणगी आणि दिवे यांची एकत्र व्यवस्था बसवली. इंजिन चालू असताना बॅटरी भरणार आणि बॅटरीवर दिवे जळणार. ही सोय झाली म्हणून दिवा मोटारीच्या आत येऊ शकला. कार्बाइडची ज्योत कोण मांडीजवळ घेऊन बसेल?

आत आलेला दिवा आधी छताला लागला आणि यथावकाश दारापाशी आला. त्याची युक्ती साधी आहे. दाराच्या चौकटीत एक छोटी खुंटी असते. दार लागले की ती दाबली जाते आणि दिवा विझतो. दार उघडले की ती मोकळी होते आणि दिवा लागतो. इंग्रजीत या दिव्याला सौजन्याचा दिवा म्हणतात. नाव मला फार आवडते. उतरणाऱ्याच्या पावलापुढे जमीन दाखवायची, हे त्याचे सौजन्य. पुष्कळ मोटारींत दाराच्या कडेला लाल काचही असते. दार उघडताच मागून येणाऱ्या सायकलस्वाराला ती लाल खूण दिसते. आजोबांच्या दिव्याची लाल काच ती हीच, जागा तेवढी बदलली.

पण या सौजन्याला बॅटरीचा धाक होता. पाच वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर वीज ओढतो. एखादे दार नीट लागले नाही आणि मोटार दोन-चार दिवस तशीच उभी राहिली, की बॅटरी बसलीच. मग चार माणसे गोळा करून गाडी ढकलायची. या भीतीने कित्येक चालक आतले बल्बच काढून ठेवीत.

असाच एक काढलेला बल्ब आमच्या घराला फार महाग पडला. १९९६ सालची गोष्ट. रात्रीची वेळ, वडापची जीप. अम्मी दाराजवळ बसली होती. गाडी थांबली ती नेमकी उघड्या गटारीच्या काठावर. अम्मीने अंदाजाने पाय खाली टाकला, तो गटारीत गेला. खुब्याचे हाड मोडले. पुढे ती काठीशिवाय कधी चालली नाही. दुसऱ्या दिवशी मी जीप पाहायला गेलो. दाराच्या वर दिव्याची जागा होती, बल्ब नव्हता. चालक हात जोडून म्हणाला, "साहेब, बॅटरी उतरायची." त्याला काय बोलणार? नवी बॅटरी घेणे त्याला परवडणारे नव्हते. पण त्या दिवसापासून कोणत्याही गाडीतून उतरताना माझी नजर आधी दाराखाली जाते.

बॅटरीचा हा धाक ज्याने घालवला त्या दिव्याची कथा रेडिओपासून सुरू होते, म्हणून ती आकाशवाणीवर सांगायला मला विशेष आनंद वाटतो. १९०७ साली मार्कोनींचे सहायक हेन्री राउंड हे रेडिओच्या लहरी पकडणाऱ्या स्फटिकांवर प्रयोग करीत होते. कार्बोरंडमच्या खड्याला दहा व्होल्टचा दाब देताच तो पिवळसर उजळला. त्यांनी एका नियतकालिकाला छोटे पत्र लिहून ही नोंद कळवली. पुढे रशियातल्या एका रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव नावाच्या तरुण तंत्रज्ञाला तोच उजेड दिसला. त्याच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती, पण त्याने या उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९२७ पासून त्यावर लेख लिहिले. जग त्यांच्याकडे वळण्याआधीच युद्ध आले. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ साली लोसेव उपासमारीने गेला. वय अवघे अडतीस.

१९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी डोळ्यांना स्पष्ट दिसेल असा लाल एलईडी तयार केला. मागोमाग पिवळा आला, हिरवा आला. रेडिओ, टेपरेकॉर्डर, घड्याळे यांवर लाल-हिरवे ठिपके चमकू लागले. निळा मात्र हाती लागेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक बनवण्यात सगळे अडले होते. जपानमधल्या नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो वर्षानुवर्षे त्या मागे लागले. शुजी नाकामुरा एका तुलनेने लहान कंपनीत स्वतःच्या हाताने भट्टी दुरुस्त करीत तेच करीत होते. १९९३ साली नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी जगापुढे आला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या रसायनाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लालपासून निळ्यापर्यंत यायला एकतीस वर्षे लागली. भाच्याच्या हातात तीच निळाई गुंडाळी करून आली होती.

त्या पट्टीतला एकेक दिवा साधारण तीन व्होल्टवर चालतो आणि बल्बच्या विसाव्या हिश्शाएवढी वीज खातो. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. म्हणून तीन दिवे एका ओळीत जोडतात आणि उरलेला दाब एक छोटा रोधक सोसतो. बारा व्होल्टची अशी पट्टी दर तीन दिव्यांनंतरच्या खुणेवरच कापावी लागते, ती यासाठी.

दिवा इतका स्वस्त आणि कमखाऊ झाला, की तो गरजेपुरता राहीना. तसा वाहनांना शोभेच्या दिव्यांचा नाद जुना आहे. निऑनचा दिवा जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली लोकांना दाखवला, तोच मुळी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्या शेवटच्या काळात चंदेरी पत्र्याने आणि रोषणाईने नवरीसारख्या नटत. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत काचेजवळ कुठे गणपती, कुठे ख्वाजांचा दर्गा, कुठे क्रूस असे आणि त्यापुढे एक इवलासा रंगीत बल्ब. ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. साहेबांच्या टपावरचा लाल दिवा तर निव्वळ मानाचा. तो १ मे २०१७ पासून उतरवला गेला. आणि मर्सिडीजच्या २०१६ सालच्या एका मोटारीत कारखान्यातूनच चौसष्ट रंगांचा उजेड आला. आपल्याकडे कला चौसष्ट, त्यांच्याकडे रंग चौसष्ट!

या हौसेला मी नावे ठेवणार नाही. कवितेत अलंकार वापरणाऱ्याने दुसऱ्याच्या रोषणाईवर काय बोलावे? पण दाराची जागा वेगळी आहे. आपल्या मोटार नियमांत पुढे लाल दिवा दाखवू नये आणि मागे लालखेरीज दुसरा दाखवू नये, असे आहे. वाहनाच्या आतल्या उजेडाला त्यातून सूट आहे. आता दार हे आत की बाहेर? बंद असते तेव्हा आत. उघडले की ते रस्त्यावर येते आणि त्याचा उजेड मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. उंबरठ्याचे असेच असते. म्हणून जुन्या घरांत दाराशेजारच्या कोनाड्यात जो दिवा ठेवीत, तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी उजेड पडेल असा ठेवीत.

भाच्याचे काम चोख होते. चौकटीतून दारात जाणाऱ्या रबरी नळीतूनच त्याने तार ओढली, वर-खाली होणाऱ्या काचेच्या वाटेत ती येणार नाही हे पाहिले, वेगळा फ्यूज घातला, पॅडमागचा प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला. नाहीतर पावसाचे पाणी आत झिरपते. पट्टी तो दाराच्या वरच्या बाजूला, बाहेरून दिसेल अशी लावायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि त्याच्या नानीची गोष्ट सांगितली. ती गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. काठी त्याला आठवत होती, कारण मात्र ठाऊक नव्हते.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने पट्टीचे तुकडे केले. आतल्या खणाशी थोडी निळाई ठेवली, हौसेपुरती. मागे लाल खूण आणि दाराच्या तळाशी, जमिनीकडे तोंड करून, पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा, तीन दिव्यांचा.

संध्याकाळी बहीण त्या गाडीतून आली. दार उघडले, खाली फरशीवर उजेडाचा एक तुकडा पडला. तिने त्याकडे पाहिलेही नाही. नेमका त्याच्यावर पाय ठेवून ती उतरली आणि आम्हाला म्हणाली, "चहा झाला का नाही अजून?"